सोजरमावशीच्या आंब्यावरचं बाळंतपण

फोन वाजतो. मी उचलते. पलीकडचा माणूस म्हणतो, "वायरमनला द्या." मी म्हणते, "बोलतेय." तो म्हणतो, "बाई, घरात गडीमाणूस न्हाय का? वायरमनला द्या म्हणलं." नोकरी लागली तेव्हा या बोलण्यानं मला रडू यायचं, पुढं राग यायचा. आता मी आवाज जरा जाड करते आणि "बोला" म्हणते. काम लवकर होतं.

तर मी वायरमन. बाई असले तरी लोकांच्या तोंडी पद तेच, फार तर मागं एक 'बाई' जोडतात. मुरुमकडं काही वर्षं काढली, सध्या अणदूरच्या आसपासच्या वस्त्या माझ्याकडं आहेत. खांबावर चढणं, फ्यूज टाकणं, तुटलेली तार ओढणं या गोष्टी ट्रेनिंगमध्ये शिकवतात. गिऱ्हाईक कसं सांभाळायचं ते कुणी शिकवत नाही. मुरुमला एक गृहस्थ होते, मुलीच्या लग्नाआधी ऑफिसात येऊन बसले. म्हणाले, "मुहूर्ताच्या टायमाला लाईट जाणार असंल तर आत्ताच सांगा, मुहूर्त बदलतो." दुसऱ्या एका आजोबांची तक्रार होती की त्यांच्याकडं करंट फार तेज येतो, घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, तर जरा पातळ सोडावा. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी खांबावर चढले, उगाच पान्हा फिरवल्यासारखं केलं आणि उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीभर खवा पाठवला. म्हणे, आता झेपंल असा येतोय.

या अंकाच्या संपादकांनी मला जिवावरचे प्रसंग लिहायला सांगितलं होतं. तसे आहेत. पण ते आठवले की हाताला घाम सुटतो, आणि ओल्या हातानं आमच्या धंद्यात काही करू नये. म्हणून मी एका पाखराच्या बाळंतपणाची हकीकत लिहिते. तीही माझ्या नोकरीतलीच आहे.

आधी थोडं धंद्याचं सांगते. लोकांना वाटतं, लाईट ऑफिसात बसून कुणीतरी हौसेनं घालवतं. खरं कारण बहुतेकदा एखादी फांदी असतं. गावाकडं येणारी मोठी लाईन उघडी असते. तिला हिरवी फांदी टेकली की करंट झाडातून जमिनीत जायला बघतो, आणि सबस्टेशनमधलं यंत्र तो धोका ओळखून अख्ख्या लाईनचा खटका पाडतं. याला ट्रिपिंग म्हणतात. एका झाडाची फांदी हलते आणि दहा वस्त्यांवरचे पंखे थांबतात. म्हणून उन्हाळ्यात, वळवाचं वारं सुटायच्या आत, आम्ही लाईनीजवळच्या फांद्या छाटत फिरतो. त्या दिवसांत आमच्याइतक्या शिव्या कुणी खात नसेल. जो माणूस लाईट गेली म्हणून शिव्या देतो, तोच फांदी तोडली म्हणूनही देतो.

सोजरमावशीच्या अंगणातल्या आंब्याची एक फांदी अशीच लाईनीला झोंबत होती. मावशी विधवा, एकटी, बोलायला फटकळ. मी सबस्टेशनमधून परमिट घेतलं. परमिट म्हणजे मी खाली उतरून सांगेपर्यंत ऑपरेटरनं लाईन चालू करायची नाही, असा बांधील शब्द. ऑपरेटर गफूरभाई, शब्दाचा पक्का माणूस. मी शिडी लावली, वर गेले, कोयता उचलला, तेवढ्यात खालून आवाज आला.

"ए वायरमनबाई! हात लावायचं काम न्हाय. वर बाळंतीण हाय!"

मी वर बघितलं. फांदीच्या पार शेंड्याला, जिथं दोन डहाळ्या फुटतात त्या बेचक्यात, एक झोळी अर्धवट विणलेली होती. गवत, सालीच्या पट्ट्या, कोळ्याचं जाळं, आणि कुणाच्या तरी लुगड्याचा धागा. त्या पट्ट्या दोन्ही डहाळ्यांना गुंडाळून, आवळून, परत झोळीत ओवलेल्या. आम्ही तार चिनी मातीच्या इन्सुलेटरला बांधतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. ते चांगलं जमायला मला बरेच उन्हाळे लागले होते. ही बाई चोचीनं करत होती, तेही बिनशिडीची.

इतक्यात ती आली. हिरवट पिवळी, छातीवर बारीक रेघा, चोचीत काथ्याचा तुकडा. मला बघून तिनं मांजर फिस्कारावं तसा आवाज काढला. मग शेजारच्या लिंबावरून तिचा नवरा बोलला, तो मात्र बासरी वाजवल्यासारखा. पिवळाधमक, हळदीत बुडवून काढलेला, पंख काळे, चोच गुलाबी, डोळा लालबुंद आणि डोळ्यात कानापर्यंत ओढलेलं काजळ. हळद्या. आमच्याकडं हा बारमाही राहत नाही. शिमगा सरला की येतो, उन्हाळ्यात घर बांधतो, पिल्लं काढतो आणि पाऊस उलगडला की दक्षिणेकडं कुठंतरी निघून जातो. जमिनीवर पाय म्हणून टेकवत नाही. अंघोळसुद्धा झाडावरून सरळ हौदात सूर मारून करतो आणि परत फांदीवर. एवढा नटवा, पण घरबांधणीच्या कामात काडी उचलत नव्हता. नुसता लिंबावर बसून गात होता. मला माहेरची बरीच मंडळी आठवली.

"मावशी," मी वरूनच म्हटलं, "ही फांदी ठेवली तर रोज लाईट जाईल."

"मला कळंना व्हय? माझ्या सुरेखाचं बाळंतपण अडलंय लाईटीवरच."

मग ते प्रकरण कळलं. मावशीची एकुलती लेक सुरेखा पुण्याला दिलेली. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिच्या सासूबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "तुमच्याकडं लाईट टिकत नाही. भर उन्हाळ्यात पोरीला उकाड्यात ठेवणार का? आधी मी येऊन बघते, पंखा नीट चालला तरच पाठवते." त्या आठवड्यात त्या बघायला येणार होत्या.

"मग तोडू द्या की मावशी. लाईट टिकेल, सुरेखा येईल."

"आन एकीच्या बाळंतपणापायी दुसरीचं घर पाडू? हे पाप कुठं फेडू? माझ्या लेकीचं काय वाईटवंगाळ झालं म्हंजी?"

मी कोयता परत कमरेला खोचला.

तेवढ्यात महादूतात्या आले. त्यांची पिठाची गिरणी त्याच लाईनीवर. दळण अर्ध्यात अडकलेलं, अंगभर पीठ, तोंड लाल.

"पाखरापायी माझी गिरणी बंद ठेवू व्हय? आन पाखरू बी परगावचं! आज हाय, उद्या न्हाय."

मावशी म्हणाल्या, "आपला खंडोबा बी अणदुरातनं नळदुर्गाला मुक्कामाला जातो. मग देवाला परगावचा म्हणता का?"

तात्या जरा गडबडले. मग त्यांनी दुसऱ्या बाजूनं हल्ला केला. "आन ती हिरवी कोण? ती त्याची बायको न्हायच. रंग बघा दोघांचा! कुणाचं बाळंतपण कुणाच्या दारात करताय?"

"तात्या, तुमची मंडळी गोरीपान हाय आन तुमी तव्याच्या बुडावानी. आमी कधी इचारलं का?"

गिरणीवर आलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. तात्या पीठ झटकायला लागले. शेवटी मीच तोड काढली. पिल्लं उडेपर्यंत फांदी तोडायची नाही, नुसती तारेपासून ओढून बांधायची. पिल्लं उडाली की तोडायची, मग मावशीनं आडवं यायचं नाही. तोंडी बोलण्यावर कुणाचाच विश्वास नव्हता, म्हणून बेल-भंडारा उचलायचं ठरलं. आमच्या भागात खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान हातात घेऊन दिलेला शब्द कोर्टापेक्षा जड. मावशीनं उचलला, तात्यांनी उचलला, मीही शिडीवरून हात खाली करून उचलला. तात्या म्हणाले, पाखराच्या बाजूनं जामीन कोण? त्याच झाडावर एका कोतवालानं, म्हणजे त्या दुफाळ शेपटीच्या काळ्या पाखरानं, घरटं केलं होतं. कोतवाल भलता मारकुटा, कावळ्याघारीला फिरकू देत नाही. म्हणून हळद्या त्याच्या शेजारी बिऱ्हाड करतो. तात्यांनी त्याच्याकडं बघून मान डोलावली आणि जामीन कबूल केला. हे सगळं मी शिडीवर उभी राहून बघितलं. फांदी बांधून झाल्यावर खाली उतरून परमिट परत केलं, तेव्हा गफूरभाई म्हणाले, "इत्ता टाइम? झाड तोडलं का जंगल?"

फांदी ओढायला मावशीनं बैलाचा जुना कासरा दिला. सुताचा, जाडजूड. फांदीला एक टोक बांधून दुसरं अंगणातल्या मेखेला ताणलं. फांदी तारेपासून हातभर लांब आली. पाखरीण तासाभरात कामावर परत आली. तात्यांची गिरणी सुरू झाली. मी खूश.

दोन दिवसांत मावशीचा फोन. "वायरमनबाई, ती कासरा सोडतीया."

मला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं. जाऊन बघते तर खरंच. पाखरीण कासऱ्यावर उलटी लटकून त्याचं सूत उपसत होती आणि झोळीत विणत होती. फुकटात एवढं मऊ सूत कोण सोडतं? मी तिला वाचवायला बांधलेली दोरी ती घराला वापरत होती. नायलॉनचा दोर आणला, तर त्याच्या चकाकीला ती इतकी बिचकली की झोळीकडं फिरकेना. परत कासराच. शेवटी मावशीनंच युक्ती काढली. पाखरिणीला धागेच हवेत ना, मग धागे देऊ. कासऱ्याच्या खालच्या, अंगणातल्या भागावर त्यांनी नाडे, चिंध्या, लुगड्याच्या दशा, जे मिळेल ते अडकवलं. पाखरीण तिथून नेऊ लागली. कासरा वाचला, म्हणजे उरला तेवढा वाचला.

आणि नेमक्या त्याच दिवशी पुण्याच्या विहीणबाई लाईट बघायला आल्या.

गाडीतून उतरल्या आणि अंगणात थबकल्या. आंबा, त्याला ताणलेली दोरी, दोरीला रंगीबेरंगी धागे, आणि सकाळच्या पूजेतून मावशीच्या बोटाला उरलेलं हळदकुंकू मेखेला पुसलेलं. त्यांनी चपला काढल्या. हात जोडले. मग पिशवीतून ओटीसाठी आणलेला हिरवा खण काढला, त्याची जांभळ्या काठाची पट्टी फाडली आणि कासऱ्याला गाठ मारून डोळे मिटले.

"सुनेची सुखरूप सुटका होऊ दे," त्या पुटपुटल्या. मग मावशीला म्हणाल्या, "विहीणबाई, दारात एवढं जागृत स्थान आहे आणि तुम्ही बोलला नाहीत? लाईटचं मेलं काय घेऊन बसलात? सुनेला पाठवते मी."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी मावशीकडं बघितलं. खरं सांगावं तर सुरेखा पुण्यातच राहणार. मावशी म्हणाल्या, "जी. लई जागृत हाय."

पुढचं आवरायला मग कुणाच्याच हातात राहिलं नाही. विहीणबाईंनी बांधला म्हणून गल्लीतल्या बायकांनी बांधला. हमरस्त्यावरून तुळजापूरला जाणाऱ्या जीपवाल्यांना धागे दिसले, ते थांबले. आमच्याकडं ज्या झाडाला एक धागा दिसतो त्याला भाविक दुसरा बांधतोच, कशासाठी ते नंतर विचारतो. नारळ आले, कवड्यांच्या माळा आल्या. कासऱ्याला एवढं वजन झालं की फांदी तारेपासून आणखी लांब ओढली गेली, आणि त्या लाईनीवर ट्रिपिंग होईना. मला कारण दिसत होतं. गावाला चमत्कार दिसला. "आंबाबाईला नवस बोलला की लाईट जात न्हाय," असं दहा वस्त्यांत पसरलं. तात्या गिरणी उघडण्याआधी रोज नारळ फोडू लागले, ज्यांनी पाखराच्या बायकोच्या चारित्र्यावर शंका घेतली होती ते! गफूरभाईंनी फोन करून विचारलं, "बाई, माझ्या ब्लडप्रेशरवर चालतं का ते?"

मी फक्त रोज सांगत फिरले की दोरीला नारळ लटकवू नका, वजन होतंय. लोक म्हणायचे, बघा, वायरमनबाईचा किती विश्वास, रोज दर्शनाला येते.

वर मात्र सगळं शांतपणे चाललं होतं. पाखरीण अंड्यांवर बसली. पांढरट अंडी, त्यावर काळपट ठिपके. मग पिल्लं निघाली आणि तो गाणारा नवरा पहिल्यांदा कामाला लागला. अळ्या, वडाची फळं, तोंडात मावेल ते आणून कोंबायचा. तेव्हा मी त्याला माफ केलं. खाली सुरेखाही आली होती. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. पंख्याखाली बसून ती खिडकीतून झोळीकडं बघत राहायची. "तिचं आधी होतंय का माझं, बघू," म्हणायची. विहीणबाईही दोन दिवसांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या.

एका दुपारी वळवाचं वारं उठलं. धूळ, पत्रे, कडबा, सगळं हवेत. मी धावत मावशीच्या अंगणात पोचले तर कासरा कडकड वाजत होता. अर्धं सूत पाखरिणीनं नेलेलं, उरलेल्यावर गावभरचे नारळ. तो तुटला की ताणलेली फांदी धनुष्यासारखी उलटून सरळ तारेवर जाणार होती. चालू लाईनीवर गेली तर झोळीचं काय होईल ते मला बोलायचं नाही.

मी गफूरभाईंना फोन लावला. "लाईन बंद करा. लगेच."

"कारण काय लिहू? वरून विचारतात, बाई."

मावशी पंख्याकडं बघत होत्या. पंखा बंद झाला तर विहीणबाई काय म्हणतील, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "बंद कर. व्हायचं ते हुईल. लेकराची आई हाय ती." आणि तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात विहीणबाईंनी माझ्या हातातला फोनच ओढून घेतला. "कोण बोलतंय? गफूरभाई का? मी पुण्याहून बोलतेय. बंद करा ती लाईट! माझा नवस आहे त्या दोरीला! जळला म्हणजे?"

पुण्याहून बोलतेय म्हटल्यावर गफूरभाईंना वाटलं, वरचं ऑफिसच बोलतंय. खटका खाली. पंखा थांबला. त्याच्या पाठोपाठ कासरा तुटला, नारळ अंगणभर उडाले, फांदी सपकन तारेवर आपटली. मेलेल्या तारेवर. झोळी वर गेली, खाली आली, गरगरली. मी खाली उभी राहून हात पुढं केले होते. पण काही पडलं नाही. माझा कासरा तुटला, तिचं बाइंडिंग टिकलं. वारं निवल्यावर दोघं नवराबायको चोचीत अळी घेऊन आली, आणि झोळीतून दोन गुलाबी तोंडं वर आली.

मी परमिट घेऊन फांदी नव्या सुताच्या दोरानं ओढून बांधली. काम होईपर्यंत लाईट नव्हती. विहीणबाई सुरेखाला सुपानं वारा घालत बसल्या, एकदाही पंख्याचं नाव काढलं नाही. मात्र अंधार व्हायच्या आधी त्या अंगणात वाकून काहीतरी शोधत होत्या. पडलेले सगळे धागे त्यांनी उलटेपालटे केले. हिरवी पट्टी सापडली नाही. हळूच मला म्हणाल्या, "बाई, कुणाला सांगू नका. पण नवसाचा धागा हरवणं चांगलं नाही हो." मलाही वाईट वाटलं, कारण तिथं देव नव्हता हे मी सांगू शकत नव्हते, आणि आहे असं सांगून धीरही देऊ शकत नव्हते.

पुढं काही दिवसांत पिल्लं उडाली. त्याच आठवड्यात सुरेखाची तुळजापूरच्या दवाखान्यात सुटका झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. विहीणबाईंचा जीव मात्र त्या पट्टीत अडकलेला. बारशाच्या आदल्या दिवशी मी कोयता घेऊन आले. नवसवाल्यांनी मला घेरलं, देवाची फांदी तोडते म्हणून. मावशी दारात येऊन कडाडल्या, "सरा बाजूला! बेल-भंडारा उचललाय आमी. तोड गं."

मी फांदी तोडली आणि झोळी अलगद खाली आणली. सगळ्याजणी भोवती जमल्या. गवतात, सालीत, कासऱ्याच्या सुतात, तळाशी, पिल्लं बसायची त्याच्या बरोबर खाली, हिरव्या खणाची पट्टी होती. जांभळा काठ दोन्ही डहाळ्यांना आवळून बांधलेला. अख्खी झोळी त्यावर पेललेली.

विहीणबाईंनी ती ओळखली. मग त्यांनी झोळीकडं बघितलं, रिकाम्या आंब्याकडं बघितलं, मावशीकडं बघितलं, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"म्हणजे हे स्थान..." त्या म्हणाल्या. "मग माझा नवस पोचला कुठं?"

मावशी म्हणाल्या, "पाळण्याला लागला की वं. आनि कुठं पोचायचा असतोय?"

विहीणबाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. बारशाला झोळी बाळाच्या पाळण्यावर टांगली होती. ती अजून मावशीकडं आहे.

पाऊस उलगडला तसे हळदे निघून गेले, सुरेखाही पुण्याला गेली. लाईन पुन्हा पूर्वीसारखी कधी जाते, कधी टिकते. नारळ बंद झाले. परवाच्या उन्हाळ्यात मी एका खांबावर असताना मावशीचा फोन आला.

"वायरमनबाई, पोरगी आली बघ!"

"कोण, सुरेखा?"

"सुरेखा कुठनं? ती! हिरवी!"

मी खांबावर डोकं टेकलं. "कुठल्या फांदीवर, मावशी?"

"तारंच्याच बाजूला, आनि कुठं? येताना कासरा घेऊन ये. सुताचाच आण."